वासूभाऊच्या नावावरचा झटका

"कण्ह," डॉक्टर उमाळे म्हणाले.

वासूभाऊ कण्हले. असे कण्हले, की शेजारच्या खोलीत हारांच्या पिशव्या सोडत बसलेल्या दोन सिस्टर धावत आल्या.

"एवढं नाही रे बाबा! मंत्री घाबरतील. छातीवर हात ठेव, तोंड जरा वाकडं कर, झालं. बाळंतपण नाही दाखवायचं आपल्याला."

"मंग साहेब, नीट सांगा ना. झटका हाय का नुसतं दुखून रायलं?"

"नुसतं दुखतंय. तू घाबरून दवाखान्यात आलास. शहरातले मोठे डॉक्टर पडद्यावरून तुला बघतील. म्हणतील, काळजीचं कारण नाही, गोळ्या घ्या. मग तू हात जोडून म्हणशील, पहिले याच्यासाठी दीडशे किलोमीटर जावं लागत होतं साहेब, आता गावातच देव भेटला. पाठ झालं?"

"देव भेटला, का देव पावला?"

"जे तोंडात बसेल ते म्हण!"

मी कोपऱ्यात संगणकापाशी बसून हसू दाबत होते. नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता. तळणखेडच्या ग्रामीण रुग्णालयात दूरचिकित्सा केंद्र सुरू होणार होतं आणि त्या केंद्राची सहायक म्हणजे मी, चारुशीला खोडके, वय चोवीस, करार अकरा महिन्यांचा. काम सोपं होतं. कॅमेरा पेशंटवर धरायचा, ईसीजी काढायचा, तो संगणकातून शहरातल्या हृदयरोग तज्ज्ञांना पाठवायचा आणि ते सांगतील ते इकडच्या डॉक्टरांना सांगायचं. आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर नव्हता. तसा हाडांचाही नव्हता आणि लहान मुलांचाही नव्हता. अधीक्षक उमाळे मूळचे डोळ्यांचे डॉक्टर, पण दहा वर्षं खुर्चीवर बसून त्यांचं डोळ्यांशीही नातं फक्त सह्या करण्यापुरतं उरलं होतं. माणूस वाईट नव्हता. कार्यक्रम आला की मात्र त्यांच्या अंगात यायचं.

उद्घाटनाला पेशंट म्हणून कक्षसेवक वासुदेव तायडे कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. सिस्टरनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीच्या मशीनचं उद्घाटन होतं, तेव्हा खरीखुरी बाई तपासायला झोपवली होती. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, कशी वाटली मशीन? बाई म्हणाली, मशीन झ्याक हाय, पण चालवनारा कधी आननार? तेव्हापासून तळणखेडात रिवाजच पडला. उद्घाटनाचा पेशंट घरचा घ्यायचा. वासूभाऊ त्रेचाळीस वर्षांचे, रेड्यासारखे धडधाकट आणि गावच्या दंडारीच्या खेळात दरवर्षी सोंग घेणारे. त्यांच्याइतका चांगला आजारी माणूस तालुक्यात मिळाला नसता.

अडचण त्यांच्या छातीची झाली. इतके केस, की ईसीजीच्या चकत्या चिकटेनात. कागदावर उमटल्या त्या नुसत्या थरथरत्या रेघोट्या.

"भादरून घ्या," मी म्हटलं.

"नाई जमत मॅडम. दंडारीत भीम मी असतो. बिनकेसाचा भीम पायला काय कोनी?"

त्यात आणखी एक गोम होती. आमची लाइन इतकी हळू, की आवाज, चित्र आणि ईसीजी एकदम पाठवले तर तिन्ही लटकायचे. बसवायला आलेला इंजिनीअर सांगून गेला होता, ईसीजी आधीच पाठवून ठेवा, मंत्र्यांसमोर नुसतं बटण दाबल्यासारखं करा. उमाळे साहेबांनी घड्याळ बघितलं.

"खोडके, सकाळी मशीन तपासायला तुम्ही एका बाईचा ईसीजी काढलात ना? तो स्वच्छ आला होता. तोच पाठवा. नाव तेवढं वासूचं टाका."

ती बाई म्हणजे पंचफुलाबाई डाखोरे. उमरदरीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. वय अठ्ठावन्न. सकाळी नऊला फाटकाशी उभ्या होत्या. उद्घाटनामुळे त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागच बंद ठेवला होता. पेशंट आले की मांडवात गर्दी होते आणि गर्दीत पेशंट बरे दिसत नाहीत. चौकीदारानं त्यांना परत फिरवलंच होतं, पण मला मशीन चालवून बघायला कुणीतरी हवं होतं.

"छातीत आग पडून रायली बाई पहाटपासून," त्या म्हणाल्या होत्या. "दाढेपर्यंत ओढ लागते."

मी ईसीजी काढला. रेघा अशा ठसठशीत आल्या की मलाच आनंद झाला. मला ईसीजी काढता येत होता, वाचता येत नव्हता. मी तो घेऊन साहेबांकडे गेले. ते शिडीखाली उभं राहून कमानीवरचं मंत्र्यांचं नाव बरोबर आहे का बघत होते. त्यांनी दोन हातांवरून कागदाकडे नजर टाकली. "छान आलाय," ते म्हणाले. "बाईला काय होतंय? जळजळ? गॅस असेल. गोळ्या द्या आणि पाठवा."

चिठ्ठीवर मी तेच लिहिलं. पंचफुलाबाई गोळ्यांची पुडी कनवटीला खोचत म्हणाल्या, "तुमची मशीन चालते ना बाई? झालं मंग. जातो मी, लेकरायची खिचडी रायली."

साहेबांचा शब्द मोडायची माझी काय छाती? तो ईसीजी मी 'वासुदेव तायडे' या नावानं शहरात पाठवला. नोंदवहीचं पहिलं पानही सकाळीच भरून ठेवलं होतं, मंत्र्यांनी फक्त सही करायची म्हणून. रुग्ण क्रमांक एक, वासुदेव तायडे, पुरुष, वय त्रेचाळीस, तक्रार छातीत दुखणे. निदानाची जागा तेवढी कोरी. खाली सहायकाची सही, म्हणजे माझी.

अकराचे मंत्री साडेबाराला आले. नारळ फुटला, फीत कापली, मांडवातल्या मोठ्या पडद्यावर माझ्या संगणकाचं चित्र झळकलं आणि त्यात दिसले डॉक्टर रेगे. शहरातले नावाजलेले हृदयरोग तज्ज्ञ. माणूस कोरडा, चष्मा नाकावर, मागे भिंत. टाळ्या झाल्या तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

वासूभाऊ सुंदर कण्हले. मंत्र्यांनी आपुलकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बटण दाबल्यासारखं केलं.

डॉक्टर रेगे खाली मान घालून कागद बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"हा ईसीजी कधीचा आहे?"

"आजचाच सर, आत्ताच!" उमाळे साहेब माइकमध्ये ओरडले.

"याच पेशंटचा?"

"अर्थात सर!"

"मग हा माणूस बसलाय कशाला? आडवा करा त्याला. याला हार्ट अटॅक आलेला आहे. मोठा आहे. आत्ताच्या आत्ता उपचार पाहिजेत."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं चांगलं प्रात्यक्षिक कुणी बघितलंच नव्हतं. उमाळे साहेबही टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, रेगे सरांनी मोठ्या मनानं आपल्या नाटकात रंग भरला.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" पडद्यावरून आवाज आला. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे का तुमच्याकडे?"

ते होतं. उद्घाटनाच्या टेबलावर मांडायला म्हणून एक कुपी मागवली होती, बर्फाच्या डब्यात, डब्याला झेंडूची माळ. मंत्र्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. अँब्युलन्स मागवली, डबा त्यात ठेवायला सांगितला. वासूभाऊ ताडकन उठून बसले.

"साहेब, मले काई झालं नाई जी! मी चांगला हावो!"

"अटॅकच्या पेशंटला असंच वाटतं," डॉक्टर रेगे म्हणाले. "उठू देऊ नका त्याला."

चौघांनी त्यांना दाबून स्ट्रेचरवर घातलं. उमाळे साहेबांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा फाट्यावरून परत ये म्हणून. मंत्र्यांनी हिरवी झेंडी दाखवली, फोटो निघाले आणि तालुक्यातली एकुलती एक अँब्युलन्स एका ठणठणीत माणसाला घेऊन सायरन वाजवत शहराकडे निघून गेली.

तो ईसीजी कुणाचा, हे त्या मांडवात फक्त दोघांना ठाऊक होतं. मी उमाळे साहेबांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"सर, ती सकाळची बाई..."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. म्हणजे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. पण ओठ न हलवता ते म्हणाले, "भाषण होऊ द्या. मंत्री गेले की बघू. आत्ता बोललात तर तुम्हीही जाल आणि मीही."

माझा करार त्याच महिन्यात त्यांच्या सहीनं पक्का व्हायचा होता. मी जागेवर येऊन बसले. मंत्र्यांचं भाषण सुरू झालं. मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उमरदरी सात किलोमीटरवर. बाई चुलीपुढे बसली असेल, शंभर पोरांची खिचडी ढवळत असेल. पंधरा मिनिटं झाली. मंत्री धरणावर आले, धरणावरून रस्त्यावर आले. मी काहीही केलं नाही. हे मी आता निवांतपणे लिहितेय, पण त्या वेळी मला माझीच लाज वाटत होती. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली.

मग मला युक्ती सुचली असं मला वाटलं. संगणकात शहराच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायची एक चौकट होती. आवाज नाही, गाजावाजा नाही. मी लिहिलं, "सर, तो ईसीजी त्या माणसाचा नाही. सकाळी आलेल्या बाईचा आहे. आम्ही तिला गॅस म्हणून घरी पाठवलं." आणि पाठवलं.

माझ्या संगणकावर दिसतं ते सगळं मांडवातल्या दहा फुटी पडद्यावरही दिसतं, हे मी महिनाभर रोज शिकत होते. त्या क्षणी विसरले.

मंत्र्यांची पाठ पडद्याकडे होती. ते सांगत होते, "आणि म्हणून यापुढे माझ्या खेड्यातल्या एकाही माणसाचं दुखणं झाकून राहणार नाही!" समोर पाचशे माणसं त्यांच्या डोक्यावरची अक्षरं वाचत होती. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तर मोठ्यानं वाचून दाखवलं. हशा पिकला. मंत्र्यांना वाटलं भाषण रंगलंय.

तेवढ्यात लाउडस्पीकरमधून डॉक्टर रेगे गरजले, "ती बाई कुठे आहे?"

मंत्री गर्रकन वळले. "कोणती बाई?" असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं, त्यावरून त्यांच्या मनात भलतीच बाई आली असावी. मग त्यांनी पडदा वाचला. त्या माणसाची एक गोष्ट मी मनापासून मानते. वाचायला त्यांना दहा सेकंद लागले आणि अकराव्या सेकंदाला ते माइकमध्ये म्हणाले, "माझ्या ताफ्यातली पोलीस जीप घ्या. जा!" टाळ्या पडल्या. उमाळे साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी जीपमध्ये बसले.

उमरदरीच्या शाळेत आम्ही धुरळा उडवत शिरलो आणि तिथं नवंच रामायण झालं. लाल दिव्याची जीप बघून बोबडे गुरुजींना वाटलं, खिचडीची तपासणी आली. चुलीशेजारी भिंतीला टेकून, घामानं निथळत बसलेल्या पंचफुलाबाईंना त्यांनी हाताला धरून उठवलं.

"उठा बाई, टोपी घाला, ॲप्रन घाला! तांदळाचं पोतं मोजून ठेवा पुढं!"

आणि त्या उठल्या. डोक्यावर ती पांढरी टोपी घालून, छाती एका हातानं दाबत पोत्याकडे निघाल्या.

"बसा!" मी किंचाळले. "पंचफुलाबाई, खाली बसा!"

"म्या दाना नेला नाई बाप्पा घरी," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "उरलेली खिचडी तेवढी नेली. गुरुजीले पुसा."

"तांदळासाठी नाही आले हो मी! तुमच्यासाठी आले. तुमच्या छातीसाठी."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या छातीसाठी जीप येईल, हे त्यांच्या अठ्ठावन्न वर्षांच्या हिशेबात कुठं बसतच नव्हतं. "लेकरायले वाढू तं द्या," एवढंच म्हणाल्या. गुरुजींनी पहिल्यांदाच डाव हातात घेतला आणि मी नि हवालदारानं त्यांना खुर्चीसकट उचलून जीपमध्ये ठेवलं.

परत आलो तेव्हा मांडव रिकामा झाला होता. मंत्री पुढच्या गावी गेले होते. फाटकाशी स्ट्रेचर घेऊन स्वतः उमाळे साहेब उभे होते, कारण स्ट्रेचर ओढणारा माणूस अटॅक येऊन शहरात निघाला होता.

"इंजेक्शन?" मी विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. "गाडीत गेलं. ड्रायव्हर फोन उचलत नाही. सायरनमध्ये ऐकू जात नसेल."

पडद्यावर डॉक्टर रेगे तसेच बसून होते. ॲस्पिरिन चावायला द्या म्हणाले, सलाइन लावा म्हणाले, ऑक्सिजन लावा म्हणाले. ते सगळं झालं. पंचफुलाबाईंचे ओठ पांढरे पडत चालले होते. "इंजेक्शन कधी येईल?" ते विचारत होते आणि उमाळे साहेब पुन्हा पुन्हा ड्रायव्हरला फोन लावत होते.

दूधवाल्याचा टेंपो फाटकात थांबला. त्यातून वासूभाऊ उतरले. अंगात दवाखान्याचा गाउन, पायात काही नाही आणि छातीशी धरलेला बर्फाचा डबा, माळेसकट.

"रेल्वे फाटक लागलं होतं, उडी मारली मॅडम," ते धापा टाकत म्हणाले. "फाट्यावर गाडी थांबलीच नाई. तो संगचा पोऱ्या सुई भरून बसला होता. म्या म्हनलं, डब्बाच नाई तं टोचन काय? घेऊन पयालो."

उमाळे साहेबांनी त्यांना मिठी मारली. मी आयुष्यात पहिल्यांदा अधीक्षकांना कक्षसेवकाला मिठी मारताना बघितलं.

पुढचा तासभर डॉक्टर रेगे सांगत होते आणि डोळ्यांचे डॉक्टर उमाळे तसं करत होते. इतकं मिली, इतका वेग, आता रक्तदाब बघा, आता थांबा. लाइन एकदाही तुटली नाही. दर दहा मिनिटांनी मी ईसीजी काढून त्याच रुग्ण क्रमांक एकवर पाठवत होते. तासाभरानं रेगे म्हणाले, "उतरतोय. वाचली ही." आणि पहिल्यांदाच चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. ज्यासाठी ते केंद्र बांधलं होतं, ते काम तिथं झालं आणि ते बघायला मांडवात फक्त खुर्च्या होत्या.

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले. पडद्याकडे बघून हळूच विचारलं, "हा डाक्टर तिथंच कोंडून ठेवला का हो?"

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आला तो वासूभाऊंचा. 'दूरचिकित्सेनं वाचवले प्राण'. नोंदवहीच्या पहिल्या पानावर मंत्र्यांची सही झाली होती, निदान लिहून झालं होतं, अहवाल वर गेला होता. डॉक्टर रेग्यांनी नोंद दुरुस्त करा म्हणून बजावलं, उमाळे साहेब हो सर म्हणाले. मग रेग्यांची बदली झाली.

"एका ईसीजीवर दोन पेशंट कसे दाखवायचे?" साहेब मला म्हणायचे. "चौकशी लागेल. बाई वाचली ना? मग?"

पंचफुलाबाईंना जन्मभर गोळ्या लागणार होत्या आणि त्या केंद्रातून फुकट मिळत, पण नोंद असलेल्या पेशंटला. मग वासूभाऊंनीच तोडगा काढला. दर महिन्याला त्यांच्या नावावर गोळ्या निघायच्या आणि सोमवारच्या बाजारात ते त्या बाईंना नेऊन द्यायचे. बाई कधी बोरं द्यायच्या, कधी तुरीच्या शेंगा. सगळ्यांचं बरं चाललं होतं. वासूभाऊ हृदयाचे पेशंट म्हणून त्यांना हलकं काम मिळालं. दर वर्धापनदिनाला पहिला लाभार्थी म्हणून शाल-श्रीफळ मिळायचं आणि ते हात जोडून 'गावातच देव भेटला' म्हणायचे. आता त्यांचं छान पाठ झालं होतं.

एकदा मी नोंदवही काढून खाडाखोड करायला बसले होते. त्यांनीच माझा हात धरला.

"राहू द्या ना मॅडम. कोनाचं काय अडलं? माह्या पाठीले स्ट्रेचर ओढनं नाई, बाईले गोळ्या भेटतेत. पुण्याचं काम हाय."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. माझा करार पक्का झाला होता, 'प्रसंगावधान' म्हणून प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. पुढे मी जिल्ह्याला गेले. नव्या मुलींना मी शिकवते, ईसीजीवर नाव टाकताना दोनदा बघा.

अकरा वर्षांनी एका सकाळी तळणखेडच्या नव्या सहायिकेचा, श्रुतिकाचा फोन आला.

"मॅडम, सहज केला. वासूभाऊंच्या छातीत दुखत होतं. आजचा ईसीजी वर पाठवला. वरचे डॉक्टर फार काळजीपूर्वक बघतात हं, त्यांनी संगणकातला जुना काढून शेजारी लावला. म्हणाले, अकरा वर्षांपूर्वीचाच डाग आहे, तिथंच, तसाच. नवीन काही नाही. घरी पाठवलं."

मी या वेळी पंचवीस सेकंदही थांबले नाही. "श्रुतिका, तो जुना ईसीजी त्यांचा नाही! त्यांना कधी काही झालंच नव्हतं! आजचा अटॅक आहे. धाव, त्यांना परत आण!"

ती अवघडून म्हणाली, "असं कसं मॅडम? नोंदीखाली सही तर तुमचीच आहे."

तिची समजूत पटवण्यात चार-पाच मिनिटं गेली. मग मात्र पोरगी जीव तोडून धावली. वासूभाऊ घरी पोचून ओसरीवर बसले होते. बायकोला म्हणाले होते, जुनंच दुखणं हाय म्हनते डाक्टर. अँब्युलन्स दारात आली तेव्हा ते गेलेले होते.

मी कार्यालयात सगळ्यांसमोर रडले. वरच्या डॉक्टरांचा काही दोष नव्हता, हे मी लेखी दिलं. सगळं लिहून दिलं, सतरा पानं. चौकशी समितीनं ते वाचून शेरा मारला, की निवेदनाला मूळ अभिलेखाचा आधार आढळत नाही.

तेरवीला गेले. पंगतीच्या कडेला पंचफुलाबाई बसल्या होत्या. एकोणसत्तर वर्षांच्या, पण खुटखुटीत. त्यांनी पानाला हात लावला नव्हता. मी शेजारी बसले तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग त्यांनी लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, फार ओशाळून, मला विचारलं,

"मॅडम, येत्या सोमवारी सरतेत माह्या गोळ्या. आता कोनाच्या नावावर भेटतीन?"